इंजिन खोलण्यापूर्वी



ट्रॅक्टर तालुक्याच्या गॅरेजात गेला की घरात दोन प्रश्न निघतात. पहिला पैशांचा, दुसरा भरवशाचा. "मिस्त्री म्हणतो इंजिन बसले, किट बदलावे लागेल. खरे सांगतो का हो, साहेब?" मेळाव्यात, बांधावरच्या बैठकीत, कधी एस.टी.च्या थांब्यावरसुद्धा मला हे विचारतात. गंमत अशी, की हाच शेतकरी बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर वाचल्याशिवाय पिशवी फोडत नाही. पण काही लाखांचा ट्रॅक्टर मात्र गॅरेजच्या दारात लावतो आणि "बघा काय ते" म्हणून मागे न बघता घरी येतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडचे बहुतेक मिस्त्री लबाड नसतात. त्यांतले पुष्कळजण अंदाजाने काम करतात, एवढेच. काहीजणांचा अंदाज वीस वर्षांच्या हातचा असतो आणि तो बरोबरही निघतो. काहींचा निघत नाही. चुकीच्या अंदाजाचे पैसे मात्र प्रत्येक वेळी आपल्यालाच भरावे लागतात. लबाड माणूस असेल तर त्याचे दार सोडावे. अंदाजाने काम करणारा असेल तर त्याला खोलण्याआधी मोजायला लावावे. हे दुसरे काम आपल्या हातात आहे, म्हणून आज त्याविषयीच लिहितो.

धुरापासून सुरुवात करू, कारण ट्रॅक्टर आपले दुखणे धुरातून सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. त्याला हवा कमी पडत असेल, नोझल बिघडले असेल किंवा इंजिनावर ताकदीबाहेरचे ओझे असेल. ट्रॅक्टरच्या मानाने मोठा रोटाव्हेटर लावून तो खोल घातला, तर नवा कोरा ट्रॅक्टरही काळा धूर ओकेल. त्यात गॅरेजवाल्याने काय दुरुस्त करायचे? निळसर धूर म्हणजे इंजिनातले ऑइल जळते आहे; तेथे रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह यांच्यावर संशय घ्यावा. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी रोज कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे बघावे लागते. थंडीच्या सकाळी पहिली काही मिनिटे थोडा पांढरा धूर दिसला तर त्याची धास्ती घेऊ नये.

आता बघा, काळ्या धुराची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला कोणी एकदम लायनर-पिस्टनचे किट सांगितले, तर तेथेच थांबून विचारावे, "एअर क्लीनर बघितला का? नोझल टेस्टरवर लावले का?" नोझल तपासणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. हाताने दाब देण्याचे एक साधे यंत्र असते. त्यावर नोझल बसवले की डिझेलची फवार बारीक धुक्यासारखी सुटते की धारेने गळते ते तुमच्या डोळ्यांना दिसते. किती दाबाला नोझल उघडते तेही काट्यावर दिसते. फवारणी पंपाचे नोझल खराब झाले की कशी धार लागते ते तुम्ही रोज पाहता, येथेही तसेच. डिझेल पंपाचा संशय असेल तर त्याची तपासणी कॅलिब्रेशनच्या बेंचवर होते. ती सोय साध्या गॅरेजात नसते, पंप जिल्ह्याच्या किंवा मोठ्या तालुक्याच्या गावी पाठवावा लागतो. पंपाचे सील तोडून स्क्रू फिरवून "पिकअप वाढवून देतो" म्हणणारा मिस्त्री भेटला तर हात जोडून ट्रॅक्टर बाहेर काढावा. डिझेल जास्त जाईल, धूर वाढेल, इंजिन तापेल. त्याचा आवाज दोन दिवस जोरदार वाटेल खरा.

रिंगा किंवा लायनर झिजले असे सांगितले तर तेही न खोलता पुष्कळसे कळते. इंजिन चालू असताना ब्रीदरच्या नळीतून किंवा ऑइल भरण्याच्या तोंडातून धुराचे जोरात फुत्कार येत असतील, तर ज्वलनाचा वायू रिंगांच्या बाजूने खाली उतरतो आहे. कॉम्प्रेशन गेज लावले की कोणता सिलिंडर कमी दाब देतो ते आकड्यात समजते. तीन सिलिंडरपैकी एकच कमी दाखवत असेल, तर तिन्ही एकदम बसले असे म्हणण्याआधी त्या एकाचे कारण शोधले पाहिजे. गेज नसलेल्या गॅरेजात इंजिन खोलायला देऊ नये, या मताचा मी आहे. ज्याच्याकडे थर्मामीटर नाही त्या डॉक्टरकडे आपण ताप दाखवायला जात नाही.

आमच्या भागातल्या एका बागायतदाराचा ट्रॅक्टर असाच दोनदा बांधला गेला. पहिल्या वेळी किट बदलले, पैसे मोजले, ट्रॅक्टर छान चालू लागला. पुढच्या सोयाबीनच्या मळणीपर्यंत पुन्हा निळा धूर. गाव म्हणू लागले, मिस्त्रीने डुप्लिकेट माल घातला. माल अस्सल होता. एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी खालच्या अंगाने तडकलेली होती, क्लिपही सैल. मळणीची सगळी धूळ गाळणीतून न जाता त्या फटीतून थेट सिलिंडरात जात होती. धूळ म्हणजे बारीक वाळूच. नव्या लायनरला ती कानशीसारखी घासते. पहिल्या वेळी मिस्त्रीने झिजलेला भाग बदलला, पण तो झिजला का, हे कोणी विचारले नाही. मालकानेही नाही. काही शेकड्यांची नळी आणि क्लिप यांच्यापायी हजारोंचे काम दोनदा झाले आणि दुसऱ्या वेळी रब्बीची पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर, उशिरा झाली.

म्हणून मिस्त्रीला "काय बदलायचे?" एवढेच विचारू नका, "हे खराब का झाले?" हेही विचारा. त्याच्याजवळ उत्तर नसेल तर तुम्हीच एअर क्लीनरची वाटी उघडून बघा. ऑइल बाथच्या क्लीनरमध्ये ऑइल खुणेपर्यंतच हवे. कमी असले तर धूळ अडत नाही, जास्त भरले तर ते इंजिनात ओढले जाते आणि निळा धूर देते. मळणीच्या व कोरड्या नांगरटीच्या दिवसांत ही वाटी रोज उघडावी. पाच मिनिटांचे काम आहे.

गॅरेजात जाताना दुखणे सांगावे, औषध सांगू नये. "इंजिन करून द्या" म्हटले की मिस्त्री इंजिन करून देतो. त्याचा दोष काय? त्याऐवजी सांगावे, धूर कोणत्या रंगाचा, थंड असताना की गरम झाल्यावर, ओझ्याखाली की नुसता उभा असताना, किती तासांच्या कामाला किती ऑइल कमी होते. हे तोंडपाठ राहत नाही. त्यासाठी ट्रॅक्टरची एक वही ठेवावी. तासमीटरचा आकडा, ऑइल कधी बदलले, फिल्टर कधी, किती डिझेल पडले, एवढे चार रकाने पुरतात. ही वही घरातल्या भगिनींकडे द्यावी असे मी सुचवतो. दुधाच्या डेअरीचे पुस्तक आणि बचत गटाचा हिशेब त्याच नीट ठेवतात, असा माझा अनुभव आहे. पुरुष मंडळींची वही बहुधा ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ऑइलने भिजलेली सापडते.

काम सुरू होण्याआधी कागदावर अंदाजपत्रक घ्यावे. मोठे नको, वहीच्या पानावर चालेल. कोणते काम, कोणते पार्ट, मजुरी किती, किती दिवसांत, आणि यापेक्षा जास्त काम निघाले तर फोन करून विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. खाली तारीख, तासमीटरचा आकडा आणि दोघांच्या सह्या. चांगला मिस्त्री याला रागावत नाही. उलट, "तुम्हीच सांगितले होते" या वादातून तोही सुटतो.

बदललेले जुने पार्ट परत मागावेत. बिल देताना नव्हे, काम देतानाच सांगून ठेवावे. भंगारात त्याचे चार पैसे येतात म्हणून नव्हे, तर त्यांत पाहण्यासारखे असते म्हणून. लायनरच्या आत वरच्या कडेजवळ नख फिरवून बघा. रिंग जेथवर जाते तेथे पायरी लागली तर झीज खरी. बेअरिंगची वाटी पालथी करून बघा. वरचा पांढरट थर जाऊन तांबूस रंग उघडा पडला असेल तर ती बदलणे योग्यच होते. मिस्त्रीने मायक्रोमीटरने माप घेतले असेल तर तो आकडा बिलाच्या मागे लिहून मागावा. झिजेची मर्यादा किती, हे कंपनीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात दिलेले असते.

सुटे भाग शक्यतो स्वतः आणावेत, अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर. खोक्यावरचा पार्ट नंबर, कमाल किंमत आणि कंपनीचे होलोग्रामचे चिन्ह बघून घ्यावे. पुष्कळ ठिकाणी दुकानदार मिस्त्रीला पार्टवर काही टक्के देतो. ते त्याच्या मजुरीतच धरलेले असते, कारण आपण मजुरीत फार घासाघीस करतो. मजुरी रास्त द्या आणि पार्ट आपण आणा, यात दोघांचेही बरे.

मिस्त्रीची बाजूही ऐकली पाहिजे. मृग लागायला चार दिवस असताना वीस ट्रॅक्टर त्याच्या दारात उभे राहतात, प्रत्येकाला उद्याच हवा असतो, आणि निम्मी बिले उसावर नाहीतर कापसावर उधार. अशा घाईत कोण गेज लावून बसणार? एप्रिलमध्ये ट्रॅक्टर दाखवला तर तोच माणूस चहा पाजून सगळे समजावून सांगतो.

पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे, कडक नियम लागू झाले. त्या गटातल्या नव्या ट्रॅक्टरवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची डिझेल यंत्रणा आली आहे. तेथे कान लावून रोग ओळखण्याची जुनी विद्या अपुरी पडते, स्कॅनर जोडून दोषाचा क्रमांक वाचावा लागतो. असा ट्रॅक्टर असेल तर स्कॅनर आहे का हे विचारूनच द्यावा, आणि दोषाचा क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. गावातल्या दहावी झालेल्या मुलांनी आय.टी.आय.मधला ट्रॅक्टर मेकॅनिकचा किंवा डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम जरूर करावा. या कामाला माणसे हवीच आहेत.

जुना ट्रॅक्टर किंवा पिकअप घेताना तपासणीचा प्रश्न येतो. विकणाऱ्याने आणलेल्या मिस्त्रीच्या शब्दावर व्यवहार करू नये. आपला मिस्त्री न्यावा आणि त्याची फी आपणच द्यावी; दलालाकडून त्याला काही मिळता कामा नये. सकाळी, इंजिन थंड असताना जावे. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन दिसले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. तासमीटरवर विसंबू नये, तो बंदही ठेवता येतो. पेडलचे रबर किती घासले, मागच्या जोडणीच्या पिनांत किती खेळ आहे, यावरून वय कळते. नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा आहे का तेही बघावे. पिकअपसारख्या मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागते, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. ते पाहून पुष्कळजण गाडी चांगली असे धरून चालतात. त्या प्रमाणपत्राचा अर्थ, तपासणीच्या दिवशी गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य होती, एवढाच आहे. इंजिनाचे आयुष्य किती उरले, हे त्यात कोणी लिहीत नाही.

एवढे करूनही वाद झालाच, तर भांडून ट्रॅक्टर ओढून नेऊ नये. केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा अधिकार कारागिराला भारतीय करार कायदा, १८७२ याने दिलेला आहे. पेरणी खोळंबत असेल तर पैसे भरावेत, पण बिलावर "हरकत राखून रक्कम दिली" असे लिहून सही करावी आणि ट्रॅक्टर घरी आणावा. मग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याखाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बियाण्याच्या प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. मात्र तुमचा मुख्य धंदाच ट्रॅक्टर भाड्याने देण्याचा असेल, तर समोरचा पक्ष "हा व्यापारी वापर आहे" असे म्हणू शकतो. तेव्हा घरची शेती आणि पोटापाण्याचे काम किती, हे वहीवरून दाखवावे लागेल. आयोगाकडे जाण्यापूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून बघावा. कित्येक तक्रारी तडजोडीने तेथेच मिटतात. फोन करताना पक्के बिल, सह्यांचे अंदाजपत्रक आणि तासमीटरची वही जवळ घेऊन बसा, आणि जुने पार्ट पोत्यात बांधून कोपऱ्यात ठेवलेले असू द्या. भंगारवाला दारात आला तरी निकाल लागेपर्यंत ते पोते त्याला देऊ नका.