टेकडीवरची सायकल आणि ‘मुरगळलेले’ मनगट

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. स्कूटर-मोटारसायकलींनी ती ओळख पुसली, पण हल्ली पहाटे वेताळ टेकडीवर गेलात तर जाड टायरच्या गिअरवाल्या सायकली घेतलेली मंडळी हमखास भेटतात. डोंगरातून सायकल हाकण्याचा हा छंद १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात रुजला. तिकडच्या चित्रांत पाइनचे जंगल दिसते, वाटेवर सुयांसारख्या पानांचा थर असतो. आपल्याकडे गिरिपुष्पाची झाडी, मुरूम आणि त्यातून डोके वर काढणारे काळे दगड.

पायथ्यापासून दोन-अडीचशे मीटरचा चढ. छातीचा भाता होतो, पण हृदयाला आणि मांड्यांना एवढे काम देऊन गुडघ्यांना धक्के न देणारा व्यायाम दुसरा कोणता? मी स्वतः बावन्नाव्या वर्षी तो करतो. (छातीत दुखणे, रक्तदाब, मधुमेह असेल त्यांनी मात्र आधी तपासून घ्यावे.) आज सांगायचे आहे ते उताराचे.

गेल्या फेब्रुवारीत पाषाणच्या बाजूला उतरत होतो. त्या दिवसांत गिरिपुष्पाची पानगळ होते आणि वाळल्या पानांखाली मुरूम दिसत नाही. वळणावर घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि मी सायकलवरून पुढे फेकला गेलो. डोक्याला हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. पण पडताना माणूस हात पुढे टेकतो, तसा मीही टेकला. मनगट थोडे सुजले. बोटे हलत होती. रुग्णांना तीस वर्षे उपदेश करणारा मी स्वतःला म्हणालो, मुरगळले असेल.

“अहो, दाखवून तरी या,” हे घरात दोन दिवस ऐकल्यावर तिसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. त्यात काहीच दिसले नाही. मी विजयी मुद्रेने तो अस्थिरोगतज्ज्ञ मित्राला दाखवला. त्याने एक्स-रेकडे फारसे पाहिलेच नाही. अंगठा ताठ करून बाहेर ताणला की त्याच्या मुळाशी, मनगटालगत, दोन दोऱ्यांच्या मध्ये एक खळगा दिसतो. तिथे त्याने बोट दाबले आणि मी ओरडलो.

मनगटात आठ लहान हाडे असतात. या खळग्याखालचे हाड होडीच्या आकाराचे. त्याला स्कॅफॉइड म्हणतात. हात टेकून पडल्यावर ते मोडते, विशेषतः तरुणांत, आणि पहिल्या एक्स-रेत कित्येकदा चीर दिसतच नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढला की उमटते; एमआरआयने लवकर कळते. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळते. मध्ये मोडले तर कोपराकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, तो तुकडा मरू शकतो, हाड जुळत नाही आणि काही वर्षांत मनगटाला संधिवात जडतो. म्हणून खळग्यात दुखत असेल तर एक्स-रे स्वच्छ असला तरी हात बांधून ठेवतात. मला तसे प्लास्टर घातले. बाराव्या दिवशीच्या एक्स-रेत चीर दिसली.

माझे निभावले. पण आपल्याकडे पहिली धाव मालीशवाल्याकडे असते. तो मनगट ओढतो, चोळतो, तेल लावतो. सूज उतरते आणि पोरगा बरा झाला असे घरच्यांना वाटते. वर्षभराने त्याला पाण्याची बादली उचलता येत नाही. सायकल हवीच असे नाही. ओल्या न्हाणीत घसरलेल्याचेही असेच होते. ‘मुरगळले’ हे निदान घरी करायचेच नाही, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे. खरचटलेल्या जागी मात्र घरीच साबण आणि वाहते पाणी भरपूर वापरावे, हळद-माती भरू नये आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारून घ्यावे.

प्लास्टर दहा आठवडे होते. नंतरही कुलपात किल्ली फिरवायला कित्येक दिवस डावा हातच लागे. आता पुन्हा टेकडीवर जातो, उतरणीला दोन्ही ब्रेक हलके-हलके दाबतो, आणि त्या वळणावर खाली उतरून सायकल हाताने नेतो. परवा मागून आलेल्या एका पोराने विचारले, “काका, पंक्चर का?” हो म्हणालो.