मांजरीचं नाक महिनाभर वाहतंय? मेडिकलवरून गोळी आणू नका

तिवसा : बैल आजारी पडला की डॉक्टर येतो, मांजर आजारी पडली की मेडिकलवरची गोळी. घोळ इथंच होतो.

महिनाभर नाक वाहणं, नाकाच्या दांडीवर सूज, वजन उतरत जाणं ही लक्षणं क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीची असू शकतात. पारव्यांच्या विष्ठेत ती वाढते आणि श्वासातून आत जाते. मांजरीकडून माणसाला ती सहसा लागत नाही, म्हणून मांजर बाहेर सोडून द्यायचं कारण नाही. अँटिबायोटिकनं बुरशी मरत नाही. स्टेरॉइड दिलं तर उलट भडकते. अन् पॅरासिटामॉल तर मांजरीसाठी विषच, एका गोळीत जीव जाऊ शकतो.

औषध आहे : फ्लुकोनाझोल किंवा इट्राकोनाझोल, माणसांना देतात तेच. पण कित्येक महिने द्यावं लागतं. नाक कोरडं झालं म्हणून मध्येच थांबवलं की आजार परत येतो. रोग मेंदूपर्यंत गेला तर अॅम्फोटेरिसिन-बी. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या रुग्णांसाठी ज्याची टंचाई झाली आणि शेजारच्या वर्ध्यात ज्याचं उत्पादन सुरू झालं, तेच हे इंजेक्शन. किडनीवर जड पडतं, त्यामुळे रक्ततपासणीशिवाय नको.

मोठ्या तपासणीला नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पदव्युत्तर संस्था गाठावी लागते. पण नाकातला स्राव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरी बरेचदा बुरशी दिसते. एवढी सोय तालुक्यातच झाली तर बरेच हेलपाटे वाचतील.