रिव्हॉल्व्हर नवे, सरावाची जागा कोठे?

राजधानी परिसरातील परवानाधारकांपुढील जुनाच प्रश्न ‘प्रबल’मुळे पुन्हा समोर

कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत तयार झालेले ‘प्रबल’ हे रिव्हॉल्व्हर १८ ऑगस्ट २०२३ रोजी परवानाधारक नागरिकांसाठी बाजारात आले. भारतीय बनावटीचे हे पहिले लांब पल्ल्याचे रिव्हॉल्व्हर असून ते ५० मीटरपर्यंत परिणामकारक मारा करू शकते, असा दावा उत्पादक कंपनीने केला. साहजिकच त्याच्या पल्ल्याची चर्चा बरीच झाली. मात्र असे शस्त्र विकत घेणाऱ्या सामान्य नागरिकाने त्याची पहिली गोळी कोठे झाडावी, नेम धरण्याचे शिक्षण कोठे घ्यावे, या प्रश्नाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवतो.

आयुध निर्माणी मंडळाचे १ ऑक्टोबर २०२१ रोजी सात सरकारी कंपन्यांत विभाजन झाले. त्यांपैकी कानपूर येथे मुख्यालय असलेल्या अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड या कंपनीचे ‘प्रबल’ हे उत्पादन आहे. काडतुसांशिवाय त्याचे वजन सुमारे ७०० ग्रॅम, नळीची लांबी ७६ मिलिमीटर आणि एकूण लांबी १७७.६ मिलिमीटर आहे. त्याचे सिलिंडर बाजूला उघडते. भारतीय ग्राहकाला हे नवे होते, कारण सरकारी कारखान्यांतील आधीची रिव्हॉल्व्हरे काडतुसे भरण्यासाठी मधोमध दुमडून उघडावी लागत. २०१४ साली प्रामुख्याने महिलांच्या स्वसंरक्षणासाठी म्हणून आणलेले, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे ‘निर्भीक’ही त्याच जुन्या धाटणीचे होते. त्या वेळी त्याची किंमत एक लाख बावीस हजार रुपयांच्या घरात होती.

‘निर्भीक’ काय आणि ‘प्रबल’ काय, दोन्ही ०.३२ बोरची आहेत. यामागे ब्रिटिश काळापासून चालत आलेले धोरण आहे. लष्कर आणि पोलीस दल वापरतात ती काडतुसे नागरिकांच्या शस्त्रांत चालू नयेत, या हेतूने ९ मिलिमीटर, ०.३८, ०.४५ यांसारखे बोर सामान्य नागरिकांसाठी प्रतिबंधित ठरवण्यात आले. त्यामुळे ०.३२ हाच नागरी रिव्हॉल्व्हरचा रूढ बोर झाला. महाराष्ट्राचाही याच्याशी जुना संबंध आहे. या बोरच्या काडतुसांवर दिसणारी ‘केएफ’ ही अक्षरे पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण आहे.

पल्ला गोळीचा आणि पल्ला नेमबाजाचा

पन्नास मीटरच्या दाव्याचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. गोळी तेथपर्यंत परिणामकारक राहते, हा शस्त्राचा गुण झाला. ती ठरवलेल्या जागी लागणे हा वापरणाऱ्याचा गुण असतो.

नेम धरताना शस्त्राची मागील खाच आणि नळीच्या टोकावरील माशी एका रेषेत आणावी लागते. या दोहोंतील अंतर जितके कमी, तितकी छोटी चूक दूरवर मोठी होत जाते. ‘प्रबल’ची एकूण लांबीच पावणेअठरा सेंटिमीटर असल्याने हे अंतर फार तर पंधरा सेंटिमीटर धरता येईल. तसे धरल्यास माशी एक मिलिमीटर जरी सरकली, तरी १० मीटरवर गोळी सुमारे सात सेंटिमीटर बाजूला जाते आणि ५० मीटरवर ती सुमारे ३३ सेंटिमीटर भरकटते. चाप ओढताना मनगटाला बसणारा हिसका, श्वास आणि भीती यांचा हिशेब यात धरलेलाच नाही.

तुलनेसाठी ५० मीटर पिस्तूल या क्रीडाप्रकाराचे उदाहरण घेता येईल. २०१६च्या रिओ स्पर्धेपर्यंत तो ऑलिम्पिकमध्ये होता. त्यातील खेळाडू लांब नळीचे, हाताच्या ठेवणीनुसार घडवलेल्या मुठीचे पिस्तूल वापरत आणि वर्षानुवर्षे सराव करत. तरीही ५० मिलिमीटर व्यासाच्या दहा गुणांच्या वर्तुळात प्रत्येक गोळी घालणे त्यांनाही साधत नसे. घाबरलेल्या, सराव नसलेल्या माणसाकडून याच अंतरावर आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरने काय साधेल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. चुकलेली गोळी हवेत विरून जात नाही. दाट वस्तीत तिला कोणी ना कोणी वाटेत भेटतेच.

एक महानगर, अनेक हद्दी

दिल्लीत नेमबाजीसाठी सर्वांत प्रसिद्ध जागा म्हणजे तुघलकाबाद येथील डॉ. कर्णीसिंग शूटिंग रेंज. पाच ऑलिम्पिक स्पर्धांत भाग घेतलेले बिकानेरचे नेमबाज आणि खासदार कर्णीसिंग यांचे नाव तिला दिलेले आहे. १९८२च्या आशियाई स्पर्धेसाठी ती उभारण्यात आली आणि २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी तिचे नूतनीकरण झाले. मराठी क्रीडारसिकांच्याही या रेंजशी आठवणी निगडित आहेत. २०१०मध्ये अनिसा सय्यद आणि राही सरनोबत यांनी येथेच २५ मीटर पिस्तूल दुहेरीचे सुवर्णपदक पटकावले होते. मार्च २०२१मधील विश्वचषक स्पर्धेत तेजस्विनी सावंत यांनी संजीव राजपूत यांच्या साथीने येथे सुवर्णपदक मिळवले. पुढे २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकणारे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे त्याच विश्वचषकात सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघात होते.

मात्र भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या अखत्यारीतील ही रेंज मूलतः खेळासाठी आहे. राष्ट्रीय शिबिरे, निवड चाचण्या आणि स्पर्धा यांना तेथे प्राधान्य मिळणे योग्यच आहे. अलीकडच्या काळात राजधानी परिसरात निघालेल्या खासगी नेमबाजी अकादम्यांपैकी बहुतेक ठिकाणी १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल यांचाच सराव चालतो. तेथे ०.३२ बोरचे काडतूस झाडता येत नाही.

यात भर पडते ती राज्यांच्या हद्दींची. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दिल्लीबरोबरच हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांतील जिल्हे येतात. नोएडातील रहिवासी नोकरीसाठी रोज दिल्लीत ये-जा करतो, मात्र त्याचे शस्त्र तसे करू शकत नाही. परवाना कोणत्या क्षेत्रात वैध आहे, याची नोंद परवान्यावरच असते. केवळ उत्तर प्रदेशापुरता वैध परवाना असलेल्या व्यक्तीने यमुना ओलांडून रिव्हॉल्व्हर तुघलकाबादला नेले, तर सरावाचा हेतू कितीही प्रामाणिक असला तरी तो कायद्याचा भंग ठरतो. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हा सरावाची उरलीसुरली संधीही जाते.

कायदा काय सांगतो?

प्रशिक्षणाची गरज कायद्याने ओळखलेली नाही, असे म्हणता येणार नाही. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याने शस्त्र आणि दारूगोळा यांच्या सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र उघडे न ठेवता आवरणात किंवा म्यानात नेण्याचे बंधनही त्यांत आहे. डिसेंबर २०१९मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती होऊन एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. आनंदोत्सवात निष्काळजीपणे गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद करण्यात आली.

खेळाडूंचा विचार मात्र स्वतंत्रपणे झाला. फेब्रुवारी २०२०मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने नामवंत नेमबाजांना सवलतीच्या वर्गात बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल मर्यादा सातवरून बारावर नेली आणि सरावासाठीच्या काडतुसांची संख्याही वाढवली. सराव केल्याशिवाय शस्त्र हाती बसत नाही, हे तत्त्व येथे शासनाने मान्य केले. स्वसंरक्षणासाठी शस्त्र घेणाऱ्याला तेच तत्त्व लागू का होऊ नये, हा खरा प्रश्न आहे. परवान्याच्या वेळी एकदा घेतलेले प्रशिक्षण पुढील पाच वर्षे हातात टिकून राहील, असे मानणे धाडसाचे ठरेल.

सराव किती महत्त्वाचा, हे रेंजवर पाऊल ठेवताच उमगते. तेथे शस्त्र पेटीबाहेर काढण्यापासून प्रत्येक कृती आदेशानुसार होते. नळी सदैव लक्ष्याच्या दिशेने राहते, शस्त्र रिकामे असल्याची खूण म्हणून त्यात रंगीत दोरी किंवा निशाण घातलेले असते. आज्ञेशिवाय काडतूस भरता येत नाही आणि ‘थांबा’ म्हणताच बोट चापावरून निघते. नवे शस्त्र आणणाऱ्याला आधी त्याच्या गोळ्या कोठे पडतात हे पाहावे लागते आणि मग आपला नेम त्यानुसार बसवावा लागतो.

शस्त्राची खोड उमगण्याची जागाही तीच. २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकर यांच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला आणि त्यांची मोलाची मिनिटे दुरुस्तीत गेली. त्या बाराव्या स्थानावर राहिल्या. पॅरिसमध्ये २०२४ साली त्यांनीच दोन कांस्यपदके जिंकली. निष्णात खेळाडूच्या हातातील, उत्तम निगा राखलेले शस्त्रही दगा देऊ शकते. मग कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या रिव्हॉल्व्हरबद्दल काय बोलावे?

जगाचा अनुभव आणि पुढील वाट

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्र परवाने होते. त्यांपैकी १२ लाख ७७ हजारांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात होते. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे ८४ हजार, तर दिल्लीत ३८ हजारांच्या आसपास होती.

रेंजची संख्या वाढवल्यास बंदुकांचे आकर्षण वाढेल, असा आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. अमेरिकेप्रमाणे भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही, याकडे सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२३मध्ये लक्ष वेधले होते. तथापि, सरावाची सोय करणे आणि परवाने सढळ हाताने देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९६च्या डनब्लेन येथील हत्याकांडानंतर ब्रिटनने छोट्या शस्त्रांवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली आणि त्यापायी तेथील पिस्तूल नेमबाजांना परदेशी जाऊन सराव करावा लागला. जर्मनीत खेळासाठी शस्त्र हवे असणाऱ्याला क्लबमध्ये नियमित सराव करत असल्याचे सिद्ध करावे लागते. एका देशाने शस्त्रच नाकारले, दुसऱ्याने ते सरावाशी बांधले. भारतात शस्त्र मिळते, सराव मात्र ज्याच्या त्याच्या सोयीवर राहतो.

यावर उपाय अशक्य नाहीत. पोलीस दलांच्या गोळीबार मैदानांवर ठरावीक दिवशी परवानाधारकांना देखरेखीखाली सराव करू देता येईल. तेथे झाडलेल्या काडतुसांचा हिशेब जागेवरच ठेवता येईल. राजधानी क्षेत्रातील राज्यांना केवळ रेंजपर्यंतच्या प्रवासासाठी, दिवस आणि मार्ग नमूद केलेली परवानगी देण्याची समान पद्धत ठरवता येईल. परवान्याचे नूतनीकरण अशा सरावाच्या नोंदीशी जोडल्यास, शस्त्र केवळ मिरवण्यासाठी घेणारे आपोआप मागे सरतील.

‘प्रबल’सारखे शस्त्र तयार करणे ही भारतीय कारखान्यांची प्रगती आहे, यात शंका नाही. परंतु सरकारी कारखान्यातून शस्त्र बाहेर पडते आणि सरकारी कार्यालयातून परवाना, तेव्हा ते चालवायला शिकवण्याची जबाबदारीही सरकारला टाळता येणार नाही. नव्या रिव्हॉल्व्हरची पहिली गोळी प्रशिक्षकाच्या नजरेखाली मातीच्या बंधाऱ्यात शिरावी. ती लग्नाच्या मांडवात सुटली, तर कायद्यातील शिक्षेची तरतूद गेलेला जीव परत आणू शकत नाही.