तिसऱ्या क्लॅरिनेटची जागा

व्यापारी घराण्यात नव्या वर्षाची वही दिवाळीला उघडते. अमेरिकेतील हायस्कूलच्या बँडचे वर्ष मात्र ऑगस्टच्या कडक उन्हात सुरू होते. शाळा भरायला अजून काही दिवस असतात, वर्ग रिकामे असतात. पण फुटबॉलच्या मैदानावर चौदा ते अठरा वर्षांची मुले-मुली ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ड्रम आणि अंगाभोवती वेटोळे घालून बसणारे अवजड सुसाफोन घेऊन सकाळपासून उभी असतात. वर्षभराचा खटाटोप येथून सुरू होतो, आणि त्यातून शेवटी हाती काय लागते हे ताळेबंदात सहजासहजी मांडता येत नाही.

नववी ते बारावी या चार इयत्तांना तेथे सामान्यतः हायस्कूल म्हणतात. बहुतेक शाळांत संगीत हा ऐच्छिक विषय असतो. पण एकदा निवडल्यावर तो नुसता छंद राहत नाही. बँड, तंतुवाद्यांचा ऑर्केस्ट्रा आणि गायनवृंद यांना वेळापत्रकात तास असतो, शिक्षक असतो, गुणपत्रिकेत श्रेणीही असते. या व्यवस्थेचे मूळ जुने आहे. लोवेल मेसन यांच्या प्रयत्नांनी बोस्टन शहराने १८३८ साली गायनाला सार्वजनिक शाळांच्या अभ्यासक्रमात स्थान दिले. वाद्यांचा प्रवेश पुढे झाला, आणि त्यामागे व्यापाराचीही दृष्टी होती. पहिल्या महायुद्धानंतर वाद्ये बनविणाऱ्या कारखानदारांना नवे ग्राहक हवे होते. त्यांच्याच पुढाकाराने १९२३ साली शिकागो येथे शाळांच्या बँडची राष्ट्रीय स्पर्धा भरली आणि ओहायो राज्यातील फोस्टोरिया या लहानशा गावाच्या हायस्कूलने ती जिंकली. विक्रेत्यांनी बाजारपेठ शोधली, आणि तिच्याबरोबर गावोगावच्या मुलांच्या हाती वाद्य आले. व्यापाराच्या हेतूतून समाजाचे हित साधल्याची ही एक ठळक नोंद आहे.

ऑगस्टमधले पहिले शिक्षण सुरांचे नसते, पावलांचे असते. मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेघ आखलेली असते आणि दोन रेघांमधले अंतर नेमक्या आठ पावलांत कापायचे असते. म्हणजे प्रत्येक पाऊल सुमारे सत्तावन्न सेंटिमीटरचे. उंच मुलाने आपले पाऊल आखडायचे, ठेंगण्या मुलीने लांबवायचे. प्रत्येकाला मैदानावरील आपल्या जागांची यादी मिळते. अमुक मात्रेला अमुक रेघेपासून इतक्या पावलांवर. एकजण दोन पावले चुकला की वरून दिसणारे वर्तुळ तुटते, आणि प्रेक्षकांना ते तत्काळ कळते. या शिकवणीत नवख्यांचा भार शिक्षकापेक्षा वरच्या इयत्तेतील मुलेच अधिक उचलतात. नववीतल्या मुलाची बाटली पाण्याने भरली आहे का, त्याच्या बुटाची नाडी सुटली आहे का, हे बारावीतला मुलगा पाहतो. कारण तीन वर्षांपूर्वी कोणी तरी त्याचे पाहिले होते.

सप्टेंबरपासून शुक्रवारच्या संध्याकाळी सामने सुरू होतात. मध्यंतराच्या काही मिनिटांत बँड मैदानात उतरतो. प्रेक्षकांपैकी निम्मे खाद्यपदार्थ आणायला उठून गेलेले असतात, तरी वाजवणाऱ्यांचे पाऊल चुकत नाही. शनिवारी स्पर्धा असतात. नोव्हेंबरमध्ये इंडियानापोलिस येथे देशभरातील निवडक बँडची मोठी स्पर्धा भरते. काही बँडना नववर्षाच्या मिरवणुकीत कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे वाजविण्याचा मान मिळतो. १८९० पासून चालत आलेली ही मिरवणूक सुमारे नऊ किलोमीटर चालते, आणि ते अंतर वाद्य पेलत, एका ओळीत कापावे लागते.

थंडी वाढली की बँड मैदान सोडून सभागृहात येतो. आता खुर्च्यांचा प्रश्न उभा राहतो. क्लॅरिनेट वाजवणारे साधारणपणे तीन भागांत विभागलेले असतात. पहिल्या भागाकडे बहुधा चाल असते, दुसऱ्याकडे तिची साथ, आणि तिसऱ्याकडे खालच्या स्वरांतला भरणा. कोण कोठे बसणार हे परीक्षेने ठरते. राज्यस्तरीय वृंदासाठी होणाऱ्या चाचणीत अनेक ठिकाणी परीक्षक आणि उमेदवार यांच्यामध्ये पडदा असतो. नावाऐवजी क्रमांक पुकारला जातो. कोणाचे आडनाव काय, कोणाचे वडील काय करतात, हे परीक्षकाला कळू नये म्हणून ही योजना. टेक्सासमध्ये अशा रीतीने निवडलेली मुले फेब्रुवारीत सॅन अँटोनिओ येथे एकत्र वाजवतात.

पण निवडली न गेलेली मुले संख्येने कितीतरी अधिक असतात, आणि वर्षाचा खरा कस त्यांच्यापाशी लागतो. तिसऱ्या क्लॅरिनेटचा सूर श्रोत्याला वेगळा ऐकू येत नाही. घरी सराव करताना त्याचा भाग एकटा वाजवला तर त्यात गाणेही सापडत नाही. आईला वाटते, हा रोज तेच तेच चार सूर का वाजवतो? तो गप्प राहिला तर मात्र सगळ्या वृंदाचा आवाज पोकळ होतो. काहीतरी हरवले आहे हे सर्वांना जाणवते, काय हरवले ते सांगता येत नाही. दुकानाची पेढी ज्याच्या जोरावर चालते त्या जुन्या मुनीमाचे नाव पाटीवर नसते. त्याच्या अनुपस्थितीचा दिवस तेवढा सर्वांच्या ध्यानात राहतो.

वाजविण्याइतकेच न वाजविणेही येथे शिकावे लागते. बेथोव्हेनच्या १८०८ साली प्रथम सादर झालेल्या पाचव्या सिम्फनीत ट्रॉम्बोनवाल्यांना पहिले तीन भाग स्वस्थ बसावे लागते. चौथ्या भागाच्या आरंभी ते सर्व शक्तीनिशी उठतात. शाळेच्या साध्या रचनांतही वीस-वीस, तीस-तीस खंडांचे विराम येतात. ते मनात मोजायचे असतात. ज्याचे लक्ष ढळले तो एक मात्रा आधी शिरतो आणि सगळ्यांचे काम बिघडवतो. चौदा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याचे ऐकत, आपली पाळी येईपर्यंत जागे राहणे शिकविणारा दुसरा तास शाळेत शोधूनही सापडणार नाही.

वसंतात वृंदांचे मूल्यमापन होते. पहिल्या काळात क्रमांक देण्याची पद्धत होती. १९३० च्या दशकात तिच्या जागी श्रेणी आल्या. त्यामुळे एकाला उत्तम श्रेणी मिळाली म्हणून दुसऱ्याची हिरावली जात नाही. दोन्ही शेजारच्या शाळा एकाच दिवशी आनंदाने घरी जाऊ शकतात. याच दिवशी कधी न पाहिलेली रचना समोर ठेवून, काही मिनिटे वाचू देऊन, ती वाजवायला लावतात. ती पाठ करून येणे कोणालाच शक्य नसते. वर्षभर कान किती उघडे होते, एवढेच तेथे दिसते.

या साऱ्याला पैसा लागतो, आणि त्याची कहाणी व्यापारी वाचकाला जवळची वाटेल. मोठी वाद्ये बहुधा शाळेची असतात. लहान वाद्ये पालक दुकानातून मासिक भाड्याने घेतात, आणि पुष्कळदा भाडे भरता भरता वाद्य आपलेच होते. प्रवास, गणवेश, दुरुस्ती यांसाठी पालकांचे मंडळ असते. ते सामन्यांच्या वेळी खाद्यपदार्थ विकते, मुलांकडून मोटारी धुऊन घेऊन वर्गणी जमवते, खजिनदार नेमून जमाखर्च ठेवते. परंतु शाळांच्या निधीचा मोठा भाग अनेक राज्यांत स्थानिक मालमत्ता-करातून येतो. कॅलिफोर्नियात १९७८ साली मतदारांनी या करावर मर्यादा घातली. त्यानंतर अनेक शाळांत पहिली कात्री संगीतावर चालली. सुखवस्तू वस्तीतील पालकांनी देणग्यांनी खड्डा भरला. गरीब वस्तीतील खोली कुलूपबंद झाली.

२०२० साली तर खोल्या सर्वत्रच बंद पडल्या. श्वासातून रोग पसरण्याच्या भीतीने गायन आणि सुषिर वाद्ये प्रथम थांबली. पुढे मुले अंतर राखून, फट ठेवलेले मुखपट्टे बांधून, वाद्यांच्या तोंडाला कापड लावून वाजवू लागली. त्या वर्षी पाचवी-सहावीत पहिल्यांदा वाद्य हाती घेणारी मुले जेथे कमी झाली, तेथे त्याची झळ काही वर्षांनी हायस्कूलच्या तिसऱ्या क्लॅरिनेटच्या ओळीपर्यंत पोहोचली. परंपरेतील एक साल निसटले की त्याची उधारी बरीच वर्षे फेडावी लागते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतही हा प्रश्न अकरावीच्या सुमारास उभा राहतो. महाविद्यालयीन दर्जाचे अवघड विषय त्याच तासाला येतात, आणि पालक विचारतात, बँडचा पुढे उपयोग काय? महाराष्ट्रात दहावीच्या वर्षी बंद होणाऱ्या तबला-पेटीच्या शिकवणीपुढेही हाच प्रश्न असतो. तो अनाठायी म्हणता येत नाही. वेळ हेही भांडवलच आहे. मात्र हिशोब मांडताना केवळ पहिल्या खुर्चीचा नफा धरू नये. बहुतेक मुले पुढे वाद्याला हात लावणार नाहीत. पण ज्या पेढीवर, कुटुंबात, संस्थेत ती जातील तेथे दहापैकी नऊ कामे तिसऱ्या क्लॅरिनेटचीच असतील.

मे-जूनमध्ये पदवीदान समारंभ होतो. एडवर्ड एल्गार यांनी १९०१ साली रचलेल्या मार्चच्या चालीवर बारावीची मुले झगे घालून रांगेने येतात. १९०५ साली येल विद्यापीठात एल्गार यांच्या सन्मानप्रसंगी ते वाजले आणि पुढे देशभर रूढ झाले. त्या दिवशी बँडमध्ये बारावीचे कोणी नसते; ती मुले समोर खुर्च्यांत बसलेली असतात. त्यांच्या रिकाम्या जागा धाकट्यांनी भरलेल्या असतात. आवाज थोडा विरळ लागतो, पहिल्या क्लॅरिनेटचा एखादा सूर डळमळतो. कालपर्यंत तिसऱ्या भागात बसणारी मुलगी आज प्रथमच चाल वाजवत असते, आणि ती चाल तिला येते, कारण वर्षभर तिने शेजारच्यांची ऐकलेली असते.