जीवनाचे रक्षण आणि शाळेचा दाखला

गर्भपात हे महापाप आहे, असे आम्ही गेली पंचवीस वर्षे वेदीवरून सांगत आलो आहोत आणि पुढेही सांगणार आहोत. परंतु ज्या शाळकरी मुलीने ते पाप टाळून मूल जन्मास घालण्याचे ठरविले, तिला आम्ही काय दिले? शाळा सोडल्याचा दाखला!

काही वर्षांपूर्वी दहावीतील एका मुलीस असाच दाखला देण्यात आला. त्यावर कारण लिहिले होते, ‘पालकांच्या विनंतीवरून’. ही विनंती पालकांना कोणी करावयास लावली, हे त्या बैठकीतील प्रत्येकास ठाऊक होते. आम्हीही तेथे होतो आणि गप्प बसलो. तेव्हा दगड आमच्या हातातही होता, हे प्रथम कबूल केले पाहिजे.

अशा मुली असतात तरी किती, असे विचारले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ६.८ टक्के मुली माता झालेल्या किंवा गरोदर होत्या. त्यांतील बहुतेक विवाहित होत्या, हे खरे. पण विवाहितेस तरी वर्गात परत कोण घेतो? शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा चौदाव्या वर्षापर्यंतच सोबत करतो. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीस विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा दिली. नववी-दहावीतील मुलीच्या वाट्यास मात्र शाळेची मर्जीच येते.

‘ती वर्गात बसली तर इतर मुली बिघडतील,’ असा आक्षेप येतो. मग तिच्या या अवस्थेस कारण झालेला मुलगा त्याच शाळेत बाकावर बसून राहतो, तेव्हा कोणी बिघडत नाही काय? २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील मुलीस बालकच मानतो. गुन्ह्याची खबर देणे त्या कायद्याने बंधनकारक आहे. मुलीचे नाव पटावरून काढण्यास मात्र तो सांगत नाही.

दुसरे म्हणतात, ‘१७ नंबरचा फॉर्म भरून ती घरून परीक्षा देऊ शकते.’ देऊ शकते. पण शिक्षक नाही, मैत्रीण नाही, मांडीवर तान्हे मूल, अशा घरात किती मुली पुस्तक उघडतील? ही पळवाट आपलीच आहे असे नाही. आफ्रिकेतील सिएरा लिओनने २०१५ साली गरोदर मुलींना शाळाबंदी केली आणि त्यांच्यासाठी कमी दिवसांचे, कमी विषयांचे वेगळे वर्ग काढले. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये हा भेदभाव ठरविला आणि मार्च २०२० मध्ये ती बंदी उठली. टांझानियानेही २०२१ साली आपले दार उघडले.

आमची मागणी फार मोठी नाही. नाव पटावर राहावे. टायफॉइडच्या विद्यार्थ्यासाठी मुख्याध्यापक जशी हजेरीची सवलत मागतात, तशी तिच्यासाठी मागावी. बाळंतपणाच्या काळात एका शिक्षिकेने आठवड्यातून दोनदा घरी जाऊन अभ्यास घ्यावा. ती परतल्यावर बाळास पाजण्यापुरती एक खोली आणि तेवढी सुटी मिळावी. बाळ सांभाळण्यास आपल्या धर्मग्रामातील महिला मंडळ आहेच. आणि तिचे नाव शिक्षककक्षात चघळले जाऊ नये.

मरियेची बेअब्रू होऊ नये म्हणून योसेफ किती जपला, हे संत मत्तयने आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात नोंदविले आहे. आणि त्या रात्री देवदूताने त्याला त्याहूनही पुढे, तिला घरी आणण्यास सांगितले. दर नाताळात आम्ही हौसेने गोठा सजवितो. जूनमध्ये शाळेचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी आमच्या प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापनाने एवढा एक नियम लेखी करावा की, माता होणाऱ्या मुलीस दाखला दिला जाणार नाही. तो होईपर्यंत जीवनाच्या पावित्र्यावर प्रवचन देताना आमचा आवाज थोडा खालीच राहील.