ससा आरंभी नव्हता: मस्तिष्कस्तंभ, सर्पगंधा आणि श्रेयाची खोटी वाटणी

१/
कंपवाताचा, म्हणजेच पार्किन्सन रोगाचा, इतिहास समाजमाध्यमांवर दोन ठरावीक साच्यांत सांगितला जातो. पहिला साचा म्हणतो, सारे ज्ञान आपल्या संहितांत होते, पाश्चात्त्यांनी ते उचलले. दुसरा म्हणतो, १९५७ साली स्वीडनमध्ये सशांवर प्रयोग झाला आणि तेथून खरे ज्ञान सुरू झाले, भारताचा त्यात काही वाटा नाही. दोन्ही साचे तारखांपुढे टिकत नाहीत. प्रस्तुत धागा या दोहोंच्या विरोधात आहे.

२/
आधी शरीराची ओळख. मोठा मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा जो देठासारखा भाग, तो मस्तिष्कस्तंभ. डॉक्टर त्याला ब्रेनस्टेम म्हणतात. श्वास, गिळणे, डोळ्यांची हालचाल, शरीराचा तोल यांचे नियंत्रण येथून होते. त्याच्या वरच्या टोकाशी, मध्यमेंदूत, काळसर पेशींचा एक पट्टा असतो. त्याचे नाव सबस्टॅन्शिया नायग्रा. हा पट्टा झिजला की हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात, हात कापू लागतो.

३/
हे प्रथम कोणत्या प्राण्यात दिसले? कोणत्याही नाही. १८९३ साली पॅरिसमध्ये ब्लोक आणि मारिनेस्कू यांनी एका क्षयरोग्याची नोंद प्रसिद्ध केली. त्याच्या शरीराची एकच बाजू कंपवाताने ग्रासलेली होती. मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा विरुद्ध बाजूच्या मध्यमेंदूत क्षयाची गाठ सापडली. १९१९ साली त्रेतियाकॉफ या तरुण संशोधकाने आपल्या प्रबंधात कंपवाताच्या रुग्णांमध्ये नेमका तोच काळा पट्टा झिजलेला दाखवला.

४/
प्राण्यांवरचे प्रयोग त्या काळी होतच नव्हते, असे नव्हे. १८९८ साली शेरिंग्टन यांनी मांजराच्या मध्यमेंदूच्या पातळीवर छेद घेतला आणि त्याचे पाय काठीसारखे ताठ झाले. वरचा मेंदू तुटला तरी खालचा स्तंभ स्नायूंना ताणून धरतो, हे त्यातून कळले. पण ते मांजर कंपवाताचे रुग्ण नव्हते. रोगाचा पत्ता रुग्णाच्या शवविच्छेदनानेच दिला.

५/
आता दृश्य भारतात येते. सर्पगंधेचे मूळ बिहारमध्ये ‘पागल की दवा’ म्हणून लोकांना ठाऊक होते. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर त्याचा गुण लेखी नोंदवला. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी त्याच मुळातून अनेक अल्कलॉइड वेगळे केले. येथवर सारे काम भारतीय हातांचे आहे.

६/
१९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधा आणि रक्तदाब यांवरचा आपला लेख प्रसिद्ध केला. या लेखामुळे सर्पगंधा पाश्चात्त्य वैद्यकाच्या नजरेत भरली. रुग्ण मोजून, रक्तदाब नोंदवून, परिणाम तोलून लिहिलेला हा मजकूर होता. डॉ. वकिलांनी ‘आमच्या पूर्वजांना ठाऊक होते’ एवढे सांगून लेखणी खाली ठेवली असती, तर पुढचे काहीच घडले नसते.

७/
१९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सर्पगंधेतील प्रभावी घटक वेगळा केला. त्याचे नाव रेसरपिन. लवकरच मनोरुग्णांना ते मोठ्या मात्रेत दिले जाऊ लागले आणि डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली. काही रुग्णांचे चेहरे निर्विकार झाले, चाल संथ झाली, हात कापू लागले. औषध थांबवले की लक्षणे ओसरत. कंपवाताची प्रतिकृती प्रयोगशाळेत तयार होण्याआधी ती रुग्णालयाच्या खाटेवर दिसली होती.

८/
मग येतो तो प्रसिद्ध ससा. अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने रेसरपिन मेंदूतील सेरोटोनिन रिकामे करते, असे दाखवले होते. तेथे काही काळ काम करून परतलेले आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली रेसरपिनने निश्चल झालेल्या प्राण्यांना डोपा टोचले. गोठल्यासारखे बसलेले ससे थोड्याच वेळात कान उभारून हलू लागले. सेरोटोनिनच्या पूर्वद्रव्याने ते साधले नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने मेंदूत डोपामिन असते आणि रेसरपिन तेही रिकामे करते, हे दाखवले.

९/
या प्रयोगाची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. रुग्णाकडे पाहून ‘काय बिघडले’ ते दिसते, पण ‘कोणते द्रव्य उणे पडले’ ते दिसत नाही. एक द्रव्य काढून दुसरे देऊन पाहण्याची मोकळीक प्राण्याच्या प्रयोगातच मिळाली. १९६० साली व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्नीकिएविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची उणीव मोजली. १९६१ मध्ये लेव्होडोपा रुग्णांना दिले गेले, १९६७ मध्ये कोत्झियास यांनी मोठ्या मात्रेचा उपचार यशस्वी केला. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले, ते रास्तच होते.

१०/
मात्र एक तपशील दुसऱ्या साच्याचे लेखक गाळतात. ज्या औषधाने ससा निश्चल झाला, ते सर्पगंधेचे होते. १९५७ हेच वर्ष डॉ. वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाल्याचेही आहे. एकाच वर्षी मुंबईच्या डॉक्टराचा सन्मान होतो आणि त्याच औषधाच्या आधारे लुंडमध्ये डोपाचा प्रयोग छापला जातो. हा योगायोग इतिहासाच्या कोणत्याही पानावर शेजारी-शेजारी छापला जावा इतका बोलका आहे. पण कार्लसन यांच्या कथेत मुंबई नसते आणि वकिलांच्या कथेत ससा नसतो.

११/
दुसराही तपशील महत्त्वाचा. रेसरपिन दिलेल्या सशाच्या मस्तिष्कस्तंभात पेशी मरत नाहीत. द्रव्याची कोठारे रिकामी होतात आणि काही काळाने पुन्हा भरतात. म्हणजे तो ससा रोगाच्या लक्षणाची प्रतिकृती होता, रोगाच्या जखमेची नव्हे. जखमेची प्रतिकृती साधायला १९६८ साल उजाडले. उंगरस्टेट यांनी उंदराच्या मेंदूत सहा-हायड्रॉक्सिडोपामिन टोचून त्या पेशीच नष्ट केल्या. एका बाजूच्या पेशी गेल्या की उंदीर गोल-गोल फिरू लागतो, आणि त्या फेऱ्या मोजून औषधाचा परिणाम जोखता येतो.

१२/
१९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण अचानक ताठरले. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट अमली पदार्थात एमपीटीपी नावाचे विष होते आणि त्याने त्यांच्या मध्यमेंदूतील काळ्या पेशी मारल्या होत्या. पुढच्या वर्षी तेच विष माकडांना देऊन कंपवाताची सर्वांत जवळची प्रतिकृती तयार झाली. साधा प्रयोगशाळेतला उंदीर मात्र त्या विषाला बरीच दाद देत नाही. कोणता प्राणी निवडला, यावर उत्तर ठरते. ही मर्यादा सांगितल्याविना ‘प्राण्यांवर सिद्ध झाले’ हे वाक्य अर्धसत्य आहे.

१३/
मुंबईतून याच तऱ्हेचा आणखी एक दाखला मिळतो. १९७१ साली डॉ. नोशीर वाडिया आणि स्वामी यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात ९ कुटुंबांची नोंद छापली. पिढ्यान्‌पिढ्या या कुटुंबांत तोल जाण्याचा विकार होता. त्यात एक वेगळी खूण होती. एका वस्तूवरून दुसरीवर नजर टाकताना डोळा झटकन न वळता सावकाश सरकत असे. डोळ्यांच्या जलद आडव्या हालचालीचे केंद्र पॉन्समध्ये, म्हणजे मस्तिष्कस्तंभाच्या मधल्या भागात असते. सावकाश सरकणारा डोळा तेथील झीज बोलून दाखवत होता.

१४/
या विकाराला आज एससीए-२ म्हणतात. त्याचा जनुक १९९६ साली सापडला आणि २००० साली तो सदोष जनुक घातलेल्या उंदरांचा तोल ढासळलेला दिसला. म्हणजे मुंबईच्या डॉक्टरांनी रुग्णाच्या डोळ्यात पाहिलेली गोष्ट उंदरापर्यंत पोहोचायला सुमारे ३ दशके लागली. ‘भारताचा वाटा काय?’ असे विचारणाऱ्यांनी या ९ कुटुंबांचे पान वाचावे.

१५/
आता पहिल्या साच्याकडे वळू. चरकसंहितेत वातविकारांच्या यादीत ‘वेपथु’ म्हणजे कंप आहे, हे खरे. कपिकच्छूच्या, म्हणजे आपल्या खाजकुहिलीच्या, बियांत लेव्होडोपा असते, हेही खरे. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते वेगळे करून दाखवले. पण लक्षणाचे नाव ठाऊक असणे आणि मध्यमेंदूतील झीज ठाऊक असणे, या भिन्न गोष्टी आहेत. परंपरेत कपिकच्छूची ख्याती प्रामुख्याने वाजीकरणासाठी होती. हा तपशील गाळून तिला ‘प्राचीन डोपामिन’ ठरवणे म्हणजे पूर्वजांच्या तोंडी आपले शब्द घालणे होय.

१६/
आणि हा केवळ अभिमानाचा वाद नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या डोणगावसारख्या गावात, जेथे मज्जासंस्थेचा तज्ज्ञ गाठायला मोठ्या शहराची वाट धरावी लागते, तेथे ‘बिया खा, गोळ्या सोडा’ हा संदेश मोबाईलवर सहज पोहोचतो. बियांमधील लेव्होडोपाचे प्रमाण सारखे नसते. गोळ्यांसोबत बिया घेतल्या तर मात्रा वाढून मळमळ, चक्कर, अनावर हालचाली उद्भवू शकतात. आणि गोळ्या एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. खोट्या इतिहासाची किंमत अशा घरातला थरथरता हात मोजतो.

१७/
‘भारताने काहीच केले नाही’ हा दुसरा साचाही तितकाच अपाय करतो. त्यावर विश्वास ठेवणारा विद्यार्थी वैद्यकाचा इतिहास परक्यांची मिरासदारी मानतो आणि आपल्याच राज्यातील रुग्णालयांच्या जुन्या नोंदी उघडून पाहत नाही. डॉ. वकील आणि डॉ. वाडिया यांची नावे शालेय पुस्तकांत किती जणांनी वाचली असतील?

१८/
या इतिहासातला बहुतांश क्रम असा आहे: आधी रुग्ण, मग निरीक्षण, मग प्राणी, मग पुन्हा रुग्ण. १८९३चा क्षयरोगी, रेसरपिन घेतलेले मनोरुग्ण, १९७१ची ९ कुटुंबे, १९८२चे ते तरुण, हे सारे प्राण्यांच्या आधी येतात. उंगरस्टेट यांचा उंदीर यास अपवाद म्हणावा लागेल. अपवाद नोंदवला म्हणून क्रम खोटा ठरत नाही.

१९/
यापुढे कंपवातावर कोणताही धागा वाचताना इतिहासप्रेमींनी तीन गोष्टी विचाराव्यात. कोणी पाहिले? कोणत्या साली लिहिले? पाहिले ते लक्षण होते, द्रव्य होते की मेंदूतील जखम? ज्या लेखनात या तिघांची सरमिसळ आहे, ते पूर्वजांचा जयघोष करो की प्रयोगशाळेचा, इतिहास म्हणून पुढे पाठवण्याच्या योग्यतेचे नाही.

(समाप्त)