येशूला बाजूला ठेवा म्हणणाऱ्यांस

येशूची शिकवण घ्यावी आणि येशूला राहू द्यावे, असा उपदेश करणारे एक विद्वान सध्या मराठी ख्रिस्ती मेळाव्यांतून टाळ्या घेत आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: गालीलातला एक थोर शिक्षक, इ.स. ३२५ मध्ये निकेया येथे कॉन्स्टंटाइन बादशहाने बिशप जमवून त्याचा देव केला. तेव्हापासून मंडळी व्यक्तिपूजेत अडकली. म्हणून यापुढे तारणाऱ्याचे नाव जरा हळू घ्यावे आणि प्रेम, सेवा, समता ही मूल्ये पुढे करावीत, म्हणजे कोणी दुखावणार नाही.

निकेयाची ही कथा इतक्या आत्मविश्वासाने सांगितली जाते की सांगणाऱ्याने त्या सभेचा इतिहास एकदा तरी उघडला असेल, असे ऐकणाऱ्याला वाटावे. तिथला वाद पुत्र पित्याशी समान आहे की पित्याने निर्माण केलेला आहे, हा होता. तो केवळ शिक्षक होता असे तिथे कोणीच म्हणत नव्हते. पुत्र निर्माण केलेला आहे म्हणणाऱ्या एरियसचा पक्षसुद्धा त्याला जगाच्या आधीचा मानून त्याची उपासना करत होता. राहिली बादशहाची मर्जी. निकेयाच्या मताचा खंदा कैवारी अथानासियस. त्याला ३३५ मध्ये त्रिअरला हद्दपार केले ते याच कॉन्स्टंटाइनने. ३३७ मध्ये मरणशय्येवर बादशहाने बाप्तिस्मा घेतला तो एरियसची बाजू घेणाऱ्या बिशपकडून, आणि त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस पुढे वर्षानुवर्षे त्याच बाजूला बळ देत राहिला. राजसत्तेच्या इच्छेवर हा विश्वास उभा असता तर तो तेव्हाच पुसला गेला असता.

आता निकेयाच्या दोनशे वर्षे मागे जाऊ. सुमारे ११२ साली बिथुनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने ट्राजन बादशहाला ख्रिस्ती लोकांविषयी पत्र लिहिले. हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र गातात, असे तो कळवतो. चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, अशी शपथ ते घेतात, हेही त्याच पत्रात आहे. म्हणजे आमच्या विद्वानांना हवी असलेली मूल्ये सुभेदाराच्या कानावर गेली होती आणि त्यांबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. त्याने आरोपींपुढे अट ठेवली ती वेगळीच: देवांना आळवा, बादशहाच्या मूर्तीपुढे धूप-मद्य वाहा आणि ख्रिस्ताची निंदा करा, म्हणजे सुटाल. प्रेम सोडा, सेवा सोडा, असे तो म्हणाला नाही. ख्रिस्ताला सोडा, एवढेच म्हणाला. ज्यांनी नकार दिला ते मेले. खरी माहिती काढण्यासाठी त्याने मंडळीच्या सेविका असलेल्या दोन दासींचा छळ केला. मंडळीचे मर्म कशात आहे हे त्या मूर्तिपूजक अधिकाऱ्याला अचूक कळले होते. आज व्यासपीठावरून मंडळीलाच ते विसरायला सांगितले जात आहे.

इस्राएलात मगिद्दोच्या तुरुंगाच्या आवारात तिसऱ्या शतकातली एक फरशी सापडली आहे. एका बाईने देव येशू ख्रिस्ताला मेज अर्पण केल्याचा लेख तिच्यात जडवलेला आहे. त्या बाईने कोणत्या बादशहाचे मत विचारले होते?

नुसती शिकवण घेऊ म्हणावे, तर डोंगरावरच्या प्रवचनाच्या शेवटी न्याय करणारा म्हणून तो स्वतःच उभा आहे. आणि व्यक्तिपूजेचा आरोप त्याच्यावर, ज्याने शिष्यांचे पाय धुतले!

वाद तसा जुनाच. टाळ-मृदंग आणि कीर्तन उपासनेत आले तेव्हा ख्रिस्त हरवेल म्हणून हाकाटी झाली होती. तो हरवला नाही, कारण नारायण वामन टिळकांच्या अभंगांत तोच बोलावला जात होता. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला, याचा दाखला आमचे विद्वान मोठ्या प्रेमाने देतात. पण बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्यांना तिथे एकत्र आणणारा दुवा येशूच होता, हे सांगायचे ते टाळतात.

पंडिता रमाबाईंचेही तेच. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. धर्मगुरूंनी सांगितलेले सगळे त्यांनी निमूट मानले नाही. त्रैक्यावरून त्या आपल्या मार्गदर्शकांशी कडकडून भांडल्या. पुढे त्यांनीच लिहून ठेवले की आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त काही वर्षांनी भेटला. दुष्काळातल्या मुलींना आसरा देणारे केडगावचे मुक्ती मिशन त्या भेटीनंतरचे आहे. रमाबाईंचे काम घ्यायचे आणि त्यांची साक्ष खोटी ठरवायची, ही कसली समता?

माझे म्हणणे साधे आहे. बाप्तिस्मा येशूच्या मरणात आणि पुनरुत्थानात होतो, प्रभुभोजनाची भाकर त्याच्या आठवणीसाठी मोडली जाते, आणि मरणाऱ्याच्या उशाशी बसलेला पाळक त्याच्याच नावाने धीर देतो. मूल्यांना हाक मारता येत नाही. त्याला हाक मारता येते, आणि तो ओ देतो असा आमचा विश्वास आहे. या विद्वानांचा मला एवढा राग का, तर त्यांचे काम आमच्या मंडळ्यांनी अर्धे आधीच केले आहे. जमिनीचे दावे, कमिटीच्या निवडणुका, वर्गणीचे हिशोब यांत रविवार संपतो आणि उपदेशात येशूचे नाव शेवटच्या प्रार्थनेपुरते येते. पाळकांनी येत्या रविवारपासून चारांपैकी एक शुभवर्तमान पहिल्या अध्यायापासून उघडावे आणि वधस्तंभ व रिकाम्या कबरेपर्यंत, एकही अध्याय न गाळता, लोकांना वाचून समजावून सांगावे. कमिटीची बैठक त्यानंतर घ्यावी.